चारशे बारा वाक्यांची चोरी

१

"आवाज चोरीला गेलाय," फोनवरचा माणूस म्हणाला.

"स्पीकरची वायर निघाली असेल," मी म्हटलं. "मागे हात घालून बघा."

"स्पीकर नाही हो मॅडम. माझ्या वडिलांचा आवाज चोरीला गेलाय. चारशे बारा फाइली. आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच कुठल्यातरी ठेवल्यात."

मी चहाचा कप खाली ठेवला. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, आता घरोघरी नेटवर्क लावून देते. घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले की लोक मला बोलावतात. नवरा-बायको बोलेनासे झाले तर मात्र आपापलं निस्तरतात. आवाज चोरीला गेल्याची तक्रार घेऊन इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं.

"पोलिसांना सांगितलंत?"

"चोर घरातलाच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच आवाज फुटला. "बहुतेक वडीलच."

२

दोन मजली घर. खाली आई-वडील, वर मुलगा आणि सून. मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा, म्हणून वरच्या खोलीत मोठा पडदा आणि भिंतभर निळे कागद. दार उघडताच त्याने जे सांगितलं, ते ऐकून मी जिन्यातच थांबले.

त्याचे वडील चाळीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून, नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. उद्या सकाळी आठ वाजता त्यांचं स्वरयंत्राचं ऑपरेशन होतं. गाठ मोठी होती, सगळं स्वरयंत्रच काढायचं होतं. हॉस्पिटलमध्ये वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं होतं की आवाज चांगला असताना वाक्यं रेकॉर्ड करून द्या, मी एक यंत्र तयार करून देते. ते टाइप करतील आणि ते यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. बाईंनी चारशे बारा वाक्यांची छापील यादी दिली होती. दोन महिन्यांपूर्वी वडिलांनी ती सगळी वाचून दिली होती. आज संध्याकाळी पाचला फाइली बाईंच्या हातात पडायला हव्या होत्या, कारण उद्यापासून बाई महिनाभर रजेवर होत्या.

"मग पुन्हा वाचून घ्या," मी म्हटलं.

"दोन आठवड्यांपासून ते बोलतच नाहीत. घशातून नुसती खरखर येते आणि दुखतं. पाटीवर लिहून दाखवतात." त्याने डोळे पुसले. "गेला तो आवाज, मॅडम. होता तेवढा त्या फाइलींत होता."

मी खुर्ची ओढली. "फाइली ठेवल्या कुठे होत्या?"

खालच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटात एक काळा डबा होता. आत डिस्क, बाहेर हिरवा दिवा. पडदा नाही, कीबोर्ड नाही. त्यात काय आहे ते नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरनेच बघायचं. नेटवर्कवर त्या डब्याचं नाव होतं 'प्रॉम्प्टर', आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव 'आवाज'.

"आणि मी दुहेरी बंदोबस्त केला होता," मुलगा म्हणाला, आणि एवढ्या दुःखातही त्याची मान जरा ताठ झाली. "दोन ओळींचा प्रोग्राम, मीच लिहिलाय. रोज सव्वाआठला 'प्रॉम्प्टर'मध्ये जसं असेल तसंच्या तसं माझ्या कॉम्प्युटरवर उतरतं. आणि वीज जाऊन डब्यात काही बिघडलंच, तर मी सगळं बंद करून चालू केलं की माझ्याकडचं तसंच्या तसं डब्यात परत जातं."

"छान," मी म्हटलं. घरातल्या हौशी मंडळींनी केलेल्या बंदोबस्तांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"आज नऊला पेनड्राइव्हवर घ्यायला म्हणून 'आवाज' उघडलं, तर चारशे बारा गायब. एकशे सोळा भलत्याच फाइली. माझ्या प्रतीतही त्याच. मला वाटलं नेटवर्क झोपलं असेल. साडेनऊला डबा, राउटर, माझा कॉम्प्युटर, सगळं बंद करून चालू केलं. तरी तेच."

"त्या एकशे सोळांत आहे काय?"

त्याने दार लावून घेतलं आणि एका फाइलवर टिचकी मारली.

खोलीत एका म्हाताऱ्या माणसाचा स्वच्छ, करारी आवाज घुमला: "मला नको. सांगितलं ना एकदा? मला नको ते. जा तू."

"मी एवढंच ऐकलं," मुलगा म्हणाला. "पुढच्या ऐकायची हिंमत झाली नाही. त्यांना ऑपरेशन नकोय, मॅडम. त्यांनी सगळं पुसलं आणि हे आमच्यासाठी ठेवलं."



३

वडील खालच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. उंच, सडसडीत, गळ्याभोवती मफलर. मांडीवर पाटी, बोटांना खडू. मुलाला मी वरच थांबवलं होतं.

"तुमच्या फाइली कुणी पुसल्या?"

त्यांनी लिहिलं: मी नाही.

"डब्याला हात कोण लावतं?"

मीच. रात्री झोपताना बंद. सकाळी आठला चालू.

"कशाला? तो डबा चोवीस तास चालतो."

शेवटी जाणाऱ्याने दिवे घालवायचे. चाळीस वर्षांची सवय.

मला हसू आलं. मग मी सरळच विचारलं, "ऑपरेशन करायचंय ना तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. खडू मोडेल इतक्या जोराने त्यांनी लिहिलं: जगायचंय.

हा माणूस खोटं बोलत नव्हता. "मग त्या चारशे बारांशिवाय दुसरं काही रेकॉर्ड केलं होतंत?"

खडू थांबला. त्यांनी काहीतरी लिहायला घेतलं, दाराकडे पाहिलं, आणि तळहाताने पाटी पुसून टाकली. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचे कान लाल झाले होते.

आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. बुटक्या, चटपटीत, तोंडाने फटकळ.

"मला त्यातलं काही कळत नाही बाई," मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "मी कशाला हात लावत नाही. मी आपली माझ्या शिवणाच्या खोलीत असते."

माझ्या धंद्यात 'मी हात लावला नाही' हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकते, आणि चारातल्या तीनदा बोटांचे ठसे त्याच माणसाचे निघतात.

"आज सकाळी कुठे होतात?"

"सांगितलं की, शिवणाच्या खोलीत. साडेसातपासून. हा वर ओरडायला लागला तेव्हा उठले."

"एवढ्या लवकर बसता?"

"रोज दुपारी बसते. आज..." त्यांनी नळ जोरात सोडला. "आज म्हटलं सकाळीच आटपावं."

४

सून दातांची डॉक्टर. बाराला दवाखान्यातून धावतपळत घरी आली, नवऱ्याचं म्हणणं ऐकलं आणि जिन्यातच खाली बसली.

"हे शक्यच नाही," ती म्हणाली. "फाइली नव्हत्या म्हणजे? मी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऐकल्यात!"

"काय?" नवरा ओरडला. "मी नऊला बघितलं, एकही नव्हती!"

"तू वर ओरडत होतास. मला वाटलं तुझं नेहमीचंच. निघायच्या आधी मी फोनवरून फोल्डर उघडलं. चारशे बारा. पहिलं वाक्य लावलं, 'आज हवा छान आहे.' बाबांचा आवाज ऐकला आणि मग गेले. उद्यानंतर..." 

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी बोलतेय का मग?"

दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले की मला मध्ये पडावं लागलं. एकच डबा, एकच फोल्डर. नऊला नवऱ्याला भलत्याच फाइली, नऊ दहाला बायकोला पुऱ्या चारशे बारा. आता तिच्या फोनवरही त्याच एकशे सोळा दिसत होत्या.

"तुम्ही फोनवर डबा कसा उघडता? नाव टाकून?"

"नाव टाकलं तर माझ्या फोनला सापडतच नाही. म्हणून डब्याचा नेटवर्कवरचा नंबर टाकून ठेवलाय."

मी तिचा फोन हातात घेतला. नवरा नावाने गेला होता, बायको नंबराने. दोघंही खरं बोलत होते. म्हणजे दोघं एकाच दाराशी गेले नव्हते.

"सगळ्यांना खाली बोलवा," मी म्हटलं. "आणि ती फाइल सगळ्यांसमोर लावणार आहे मी."

"बाबांसमोर नको!" मुलगा म्हणाला.

"त्यांच्यासमोरच."

५

बैठकीच्या खोलीत सगळे बसले. मुलगा खिडकीशी, सून दाराशी, आई आरामखुर्चीच्या मागे. मी फाइल लावली.

"मला नको. सांगितलं ना एकदा? मला नको ते. जा तू."

मुलाने डोळे मिटले. सुनेने तोंडावर हात ठेवला. वडील मात्र घाबरले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी मान वळवून फक्त बायकोकडे पाहिलं.

आईंच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अगं बाई, हे इथे कसं आलं?"



"आई," मी म्हटलं, "मग ते असायला कुठे हवं होतं?"

त्यांनी शिवणाच्या खोलीकडे पाहिलं. मी उठले आणि शिवणाच्या खोलीत गेले. मशीनवर कापड अंथरलेलं होतं, पण सुईत दोरा नव्हता. कापडाखालून एक काळी वायर भिंतीकडे गेली होती. मी कापड उचललं, तर मशीनच्या पाट्यावर एक जुना, कोपरा फुटलेला लॅपटॉप मिटलेला होता.

मुलगा माझ्या मागोमाग आला होता. "हा तर बाबांचा जुना! मी माळ्यावर टाकला होता."

"टाकायच्या आधी काय केलं होतंत?"

"काळा डबा आणला तेव्हा याच्यातलं सगळं जसंच्या तसं डब्यात उतरवलं. सगळी सेटिंगं, तेव्हा रिकामं असलेलं 'आवाज' फोल्डर..." तो थबकला. "नावसुद्धा."

मी लॅपटॉप उघडला. त्याचं नाव 'प्रॉम्प्टर' होतं. त्यावर शेअर केलेलं एक फोल्डर होतं, 'आवाज'. त्यात एकशे सोळा फाइली होत्या.

६

"माळ्यावरून मीच काढला," आई म्हणाल्या. आता त्यांनी रडायलाच सुरुवात केली होती. "ती छापील यादी बघितलीत का तुम्ही? 'रेल्वे स्टेशन कोणत्या बाजूला आहे?' 'मला दोन पावत्या द्या.' चारशे बारा वाक्यं, त्यात आमच्या घरातलं एक नाही! रेल्वे स्टेशन मला विचारून हा माणूस जाणार कुठे? मी म्हटलं, अहो, तुम्ही माझ्याशी जे बोलता ते पण घेऊन ठेवू. चष्मा कुठे ठेवलास, दिवा घालव, गप्प बस जरा. मला नको, हे तर दिवसातून वीस वेळा. मी आठवून आठवून एकेक वाक्य द्यायची, हे बोलायचे. दोन महिन्यांपूर्वी, रोज दुपारी."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" सुनेने विचारलं.

"सगळंच काही मुलासुनेला ऐकवण्यासारखं नव्हतं," आई म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला. वडील पायांकडे बघत होते.

"आज फाइली द्यायच्या होत्या," मी म्हटलं, "म्हणून आज तुम्ही पहिल्यांदाच सकाळी बसलात. बरोबर?"

"त्यातली नको ती काढून बाकीची पण द्यावी म्हणून. ह्याचा आवाज ऐकला तशी नऊनंतर मिटवून ठेवला."

मी मुलाला समोर बसवलं. "नीट ऐका. एका नेटवर्कवर एका नावाचे दोघं राहू शकत नाहीत. जो आधी उठेल त्याला नाव मिळतं, दुसरा मुकाट बसतो. इतके दिवस डबा सकाळी आठपासून चालू, लॅपटॉप दुपारी. नाव डब्याकडे, सगळं सुरळीत. आज लॅपटॉप साडेसातला उठला, डबा आठला. आज 'प्रॉम्प्टर' म्हणून हाक मारली की ओ देणार लॅपटॉप. सव्वाआठला तुमच्या प्रोग्रामने हाक मारली, आणि लॅपटॉपवर जसं होतं तसंच्या तसं तुमच्याकडे आणलं. तुमच्या प्रतीतल्या चारशे बारा तेव्हा गेल्या."

"पण डब्यातल्या?"

"डब्यातल्या शाबूत होत्या. तुमची बायको नंबराने थेट डब्यात गेली, तिने नऊ दहाला ऐकल्या."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. "म्हणजे आहेत?"

मला पुढचं बोलायचं नव्हतं. डब्याची नोंदवही मी फोनवर उघडली होती; कोणत्या यंत्राने कधी काय केलं ते त्यात आपोआप उतरतं. त्यातली नऊ वाजून बत्तीस मिनिटांची ओळ मी त्याच्यासमोर धरली. चारशे बारा फाइली पुसल्या. पुसायला सांगणारं यंत्र: वरच्या मजल्यावरचा, नकाशाचा कॉम्प्युटर.

"नऊनंतर आईंनी लॅपटॉप मिटला," मी म्हटलं. "साडेनऊला तुम्ही सगळं बंद करून चालू केलंत. आता नाव पुन्हा डब्याला मिळालं. आणि चालू होताच तुमच्या दुसऱ्या ओळीने तुमच्याकडच्या एकशे सोळा तसंच्या तसं डब्यात घातल्या. तसंच्या तसं म्हणजे बाकीचं पुसून."

तो ती ओळ वाचत राहिला. 

"म्हणजे नऊला मी काहीच केलं नसतं तर..."

"तर आत्ता मी नंबर टाकून त्या काढून दिल्या असत्या."

"परत आणता येतील ना? पुसलेलं परत आणता येतं!"

"जुन्या डिस्कवर येतं. तुमची नव्या जातीची आहे, वेगवान. पुसलेली जागा ती स्वतःच धुऊन टाकते. मी दुपारभर प्रयत्न करते, पण आशा धरू नका."

तीन वाजेपर्यंत मी प्रयत्न केला. चारशे बारांपैकी एकही आली नाही.

७

वाचा-उपचारवाल्या बाईंना मीच फोन केला. सगळं सांगितलं. 

"एकशे सोळा आहेत ना?" त्या म्हणाल्या. "आवाज चांगला असतानाच्या? मग त्या आणा. कमी आहेत, पण काम होईल. फक्त एक सांगते, यंत्र ज्या सुरात शिकतं त्याच सुरात बोलतं."

"म्हणजे बाबा आता जन्मभर खेकसणार?" सून म्हणाली. रडता रडताच तिला हसू फुटलं.

"आत्ता काय वेगळं करतात?" आई म्हणाल्या. मग हळूच, "आणि सगळी खेकसण्याचीच नाहीत."

मुलगा मात्र हसला नाही. तो शिवणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चाळिशीचा, चांगला धिप्पाड माणूस. बायको बोलली, आई बोलली, त्याला ऐकूच येत नव्हतं.

"मीच पुसला," तो एकच म्हणत होता. "मीच पुसला त्यांचा आवाज."

खरखरीत का होईना, आताची दोन-चार वाक्यं मिळाली तर बघावं म्हणून मी टॅब काढून वडिलांसमोर धरला होता. त्यांनी मान हलवली. पाटी मांडीवरून काढून खाली ठेवली. खुर्चीच्या दांड्याला धरून उठले, मुलापाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

आणि त्यांनी तोंड उघडलं.

"ठोंब्या," ते म्हणाले.

खरवडून काढल्यासारखा आवाज.  दोन आठवडे या घराने तो ऐकला नव्हता. 

"ठोंब्या, रडतोस काय? बूट घाल. पाच वाजतील."

एवढं बोलून त्यांनी गळा धरला आणि ते खुर्चीत परत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखण्याचं की कसलं ते मला कळलं नाही. सुनेने मला नंतर सांगितलं की तिने हे नाव लग्नाला पंधरा वर्षं होऊन पहिल्यांदाच ऐकलं. छापील यादीत ते असणं शक्यच नव्हतं. आईंच्या यादीतही नव्हतं, कारण ती नवरा-बायकोची यादी होती.

मुलाने वर पाहिलं. आधी वडिलांकडे, मग माझ्या हातातल्या टॅबकडे.

"घेतलंत?"

मी खाली पाहिलं. टॅब माझ्या हातात होता, पडदा उजळलेला होता, आणि रेकॉर्डचं बटण मी दाबलंच नव्हतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज जोडून देणारी बाई मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही," मी म्हटलं. "नाही घेतलं. चुकलं माझं. त्यांना पुन्हा एकदा..."

"नको. त्यांना दुखतंय." तो उठला. उलटसुलट लेस बांधली, जुना लॅपटॉप उघडूनसुद्धा न बघता तसाच काखेत मारला. पेनड्राइव्ह नाही, नेटवर्क नाही. दारापर्यंत गेला आणि वळला.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "ते माझ्याकडे आहे."

आणि तो धावतच दारातल्या पायऱ्या उतरून गेला.